मनवरबाबूंची सागवानी चौकट

बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी श्रावण मनवर यांचं बोट त्यांच्याच घराच्या चौकटीत घुसलं.

वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण मनवरबाबू रोज नऊ-दहालाच शाळेत जायला निघत आणि निघताना उजव्या हाताच्या मधल्या बोटानं चौकटीवर दोनदा टकटक करत. नेरच्या एका खाजगी हायस्कुलात ते बडेबाबू, म्हणजे मुख्य लिपिक, होते. घर बांधून चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत त्यांच्याकडे आलेला एकही माणूस, मग तो पोस्टमन असो, गॅसवाला असो की मतदार यादीचा मास्तर, ती टकटक ऐकल्याशिवाय आत गेला नव्हता. "आयका. अस्सल सागवान. आवाजच सांगते," असं म्हणून बाबू समोरच्याकडे बघत, आणि समोरच्यानं मान डोलवेपर्यंत वाट सोडत नसत.

त्या दिवशी आवाजच आला नाही. बोटाचं पेर अलगद आत गेलं आणि चिमूटभर भुसा चपलेवर पडला. बाबूंनी वाकून भोकात पाहिलं. पॉलिशच्या पापुद्र्यामागे उधई, म्हणजे वाळवी, आपल्या कामाला लागलेली होती. कोणी इकडेतिकडे हिंडत नव्हतं, कोणी चहाला गेलेलं नव्हतं. बत्तीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला एवढी शिस्त पाहून क्षणभर कौतुकच वाटलं.

दुसऱ्या कोणाच्या घरी उधई लागली असती तर ती नुसती उधई असती. पण सागवानाला उधई लागत नाही, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं, आणि ज्यांना नव्हतं त्यांना बाबूंनी स्वतः सांगितलं होतं. लाकूड घेताना बाबूंच्या पत्नी जयाबाई म्हणाल्या होत्या, "सरकारी डेपोतून घ्या, नाईत अय्याज मिस्त्रीले तरी सोबत न्या." त्यावर बाबूंनी "तुले लाकडातलं काय समजते?" असं विचारून स्वस्तात मस्त सौदा केला होता. पुढे रंधा मारताना अय्याज मिस्त्रीच पुटपुटला होता, "बाबू, लाकूड हलकं लागून राह्यलं." बाबूंनी त्याला रंधा मारायला सांगितलं होतं.

हेही एक वेळ पचलं असतं. पण रविवारी महागावहून पाहुणे यायचे होते. बाबूंची एकुलती एक लेक दीपमाला डी.एड. होऊन घरी बसली होती. मुलगा अश्वजित वीज कंपनीत, स्वभावानं गरीब, आणि दोघांनी एकमेकांचे फोटो पाहून होकाराच्या दिशेनं मान हलवलेली. असं स्थळ काही रोज चालून येत नाही. मुलाचे वडील भीमराज भगत हे निवृत्त वनपाल. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं, फक्त लाकूड ओळखलं होतं. आणि या माणसाला बाबूंनी फोनवर सांगून ठेवलं होतं की या एकदा, आमची सागवानी चौकट पाहा.

जो माणूस चौकटीबद्दल खोटं बोलतो तो पोरीबद्दल काय खरं बोलणार, असं त्यांना वाटलं तर?  बाबूंनी भोकात मेणबत्तीचं मेण भरलं, वरून तपकिरी बूटपॉलिश फासलं आणि ठरवलं की रविवारच्या आत उधईचा बंदोबस्त करायचा, आणि या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. नेरमध्ये राहून असं ठरवणाऱ्या माणसाला काय म्हणावं? पण बाबूंची उजवी दाढ दोन दिवस ठणकत होती आणि डोकं जागेवर नव्हतं.

गुरुवारी दुपारी, रस्ता सुनसान असेल अशा बेतानं ते निघाले. नेरचा रस्ता सुनसान कधीच नसतो. वाहिदभाईंचं कृषी केंद्र चारशे पावलांवर होतं आणि तेवढ्यात पाच जणांनी "कुठी चाल्ले बाबू?" असं विचारलं. बाबूंनी पाचही जणांना वेगवेगळी उत्तरं दिली. संध्याकाळी त्या पाचांनी ती ताडून पाहिली.

वाहिदभाईंच्या दुकानातून औषधाची बाटली न्यायची तर तिथले काही नियम होते. ते कुठे लिहिलेले नव्हते, पण पंचक्रोशीत सगळ्यांना पाठ होते. माणूस एकटा आला तर आधी स्टुलावर बसायचं आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत वाहिदभाई घरचं सगळं विचारून घेत. एवढं करून बाटली त्याच्या हातात देत नसतच, त्याच्या गावाला जाणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे तरी देत, आणि रिकामी झाली की परत मागत. कापसाची ती वर्षं वाईट होती. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात येई. कशासाठी येई ते नेरमध्ये कोणी तोंडानं बोलत नसे. 'कोणी काही असं-तसं केलं' एवढंच म्हणत आणि विषय बदलत.

"एक बाटली पायजे होती. किड्याची," बाबू म्हणाले. दाढेमुळे तोंड नीट उघडत नव्हतं.

"कोनत्या किड्याची? मावा, का बोंडअळी?"

"कोनतीबी चालते."

वाहिदभाईंनी पेन खाली ठेवलं. तीस वर्षांत 'कोणतीही चालेल' असं म्हणणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी बाबूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा पडलेला होता आणि उजवीकडून सुजलेला होता.

"बसा नं बाबू, चहा सांगतो. शेती कुठी हाय तुमची?"

"माही नाई. सोयऱ्याची हाय. बोरी अरबले."

"कोन सोयरा?"

बोरी अरबचा एकूण एक शेतकरी वाहिदभाईंना बापाच्या नावासकट माहीत होता. बाबूंना हे उशिरा आठवलं. तोंडात येईल ते नाव त्यांनी सांगितलं, "रामधन राठोड."

"तुमच्या शेजारचे रामधनभाऊ? त्यायची शेती बोरीले कवापासून झाली?" असं म्हणून वाहिदभाईंनी मागे पाहिलं. युरियाच्या पोत्यांआडून, हातात बशी घेऊन, खुद्द रामधन राठोड उभे राहिले. निवृत्त कोतवाल. दुपारच्या चहाला ते रोज इथेच असत. दोघांची नजरानजर झाली.

"बाबू, माल संपला," वाहिदभाई हळूच म्हणाले.

त्यांच्या डोक्यामागे बाटल्यांचे तीन खण खचाखच भरलेले होते. "मंग ह्या काय होय?" बाबूंनी विचारलं.

"ह्या निस्त्या ठेवाच्या हायेत."

मनवरबाबूंचा असा अपमान आजवर शिक्षणाधिकाऱ्यांनीही केला नव्हता. ते ताडताड चालत घरी आले. पण बातमी त्यांच्या आधी पोचली होती, कारण बातमी सायकलवर आली आणि बाबू पायी आले. बाबूंची सायकल त्यांनी सोमवारीच शाळेच्या शिपायाला देऊन टाकली होती, आणि त्या सायकलचाही आता पुरावा झाला होता. ओट्यावर रामधनच्या घरवाली हंसाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि जयाबाईंसमोर एकेक खडा बाजूला काढत होत्या.

"पाह्य जया, सायकल देऊन टाकली. दोन दिसापासून भाऊ जेवले नाई. अन मंगळवारी फोटो स्टुडिओत जाऊन सोताचा फोटो मोठा करून आनला, फ्रेम करून! कोनी कायले करते वं असा, आपलाच फोटो?"

खरी गोष्ट अशी की सायकल गंजली होती आणि पाहुण्यांसमोर दिसू नये एवढाच हेतू होता. फोटो 'आदर्श लिपिक' पुरस्काराचा होता आणि तो मात्र पाहुण्यांना दिसावा असा हेतू होता. पण हे सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. बाबूंनी गप्प राहणं पसंत केलं, आणि गप्प राहिल्याची हंसाबाईंनी नोंद घेतली.

संध्याकाळपासून माणसं यायला लागली. कोणी कारण सांगत नव्हतं. जो तो "असंच आलतो" म्हणून बसत होता. कोणी जिलेबी आणली, कोणी पातोडीची भाजी, कोणी वडे. बाबूंना दाढेपायी काहीच चाववत नव्हतं. प्रत्येक ताट जसंच्या तसं आत गेलं की बायका एकमेकींकडे पाहत. बाबू न्हाणीत गेले की बाहेर रामधन खाकरत राहत, आणि आतून उत्तरादाखल खाकरल्याशिवाय थांबत नसत. सगळ्यात वाईट म्हणजे येणारा प्रत्येक जण उभा राहून बोलताना चौकटीला टेकत होता. "टेकू नका!" बाबू ओरडत. एकदा, दोनदा, दहादा. लोक दचकून बाजूला होत आणि आपसात म्हणत की माणूस फारच चिडचिडा झाला आहे हो.

शुक्रवारी मुख्याध्यापकांनी त्यांना न मागता तीन दिवसांची रजा दिली. दुपारी एक सरकारी जीप दारात थांबली. 'असं-तसं' होईल अशी भीती असलेल्या घरांना भेटी देणारं एक पथक त्या काळात फिरत असे. पथकात एक साहेब आणि एक बाई होत्या. दोघंही भली माणसं, पण त्यांच्याकडे फॉर्म होता.

"कापसाखालील क्षेत्र?"

"निरंक," बाबू म्हणाले. स्वतः कारकून असल्यामुळे त्यांना शब्द अचूक सुचत.

"सिंचनाची सोय?"

"साहेब, मले शेतीच नाई."

"मग तुमचं नाव यादीत कसं आलं?"

"तेच म्हनतो मी. काढून टाका."

साहेबांनी पानं उलटली. यादीत नाव घालायचा रकाना होता, काढायचा नव्हता. शेवटी असा मार्ग निघाला की सदर इसम आनंदी असल्याबद्दल पाच शेजाऱ्यांनी सह्या कराव्यात. ओट्यावर तेव्हा सतरा शेजारी होते. एकानंही सही केली नाही. "उद्या काही झालं त?" रामधन म्हणाले. मग बाईंनी बाबूंच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि शेरा लिहिला, 'चेहरा पडलेला, उजवीकडे अधिक.' सरकारी कागदावर इतकी खरी नोंद बाबूंनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

शनिवारी त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. भाजी आणतो म्हणून निघाले आणि एस.टी.नं थेट बोरी अरब गाठलं. तिथल्या कृषी केंद्रात पाऊल ठेवताच अनोळखी दुकानदार उठून उभा राहिला. "तुमी नेरचे मनवरबाबू नं? या, बसा. वाहिदभाईचा फोन आलता." चहा पिऊन, बिस्किट भिजवून खाऊन, बाबू हात हलवत परत आले. दुकानदारानं त्यांना बसमध्ये बसवून कंडक्टरच्या हवाली केलं होतं.

घरी आले तेव्हा दीपमाला मागच्या अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. दोन दिवसांत पोरगी सुकून गेली होती. बाबूंकडे न पाहता ती म्हणाली, "बाबा, माह्या लग्नाचं टेन्शन असन त सांगा. मी नाई करत लग्न. मले काई फरक नाई पडत."

 एका लाकडापायी आपण लेकीला कुठे आणून ठेवलं, याची बाबूंना लाज वाटली. "तसं नाई वं माय," ते म्हणाले. ते सगळं सांगणारच होते, पण तेवढ्यात हंसाबाई पातळ खिचडी घेऊन आल्या आणि त्यांच्यामागून आणखी चौघीजणी. चौघींसमोर आपलं सागवान हे सागवान नसल्याचं सांगायला बाबूंची जीभ रेटेना.

रविवारी भीमराज भगत मुलाला घेऊन आले तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टँडवर उतरल्यापासून त्यांना अकरा जणांनी मनवरांचं घर दाखवलं होतं आणि अकराही जणांनी "जरा सांभाळून बोलजा" असं बजावलं होतं. उंच, काळेसावळे, गंभीर गृहस्थ. चौकटीतून आत येताना त्यांनी क्षणभर वर पाहिलं. 

चहापोहे झाले. मुलगा-मुलगी जमिनीकडे पाहत होते. मग भगतांनी घसा साफ केला. "मनवरसाहेब, मी साधा मानूस हाय. वाटेत कानावर आलं की तुमी मोठ्या अडचनीत हा. पोरीच्या लग्नानं तुमचं वझं वाढत असन त आपुन हे राहू देऊ. माहं काई म्हननं नाई. मानूस पह्यले."

माणूस भला होता, यात वादच नव्हता. आणि त्याच्या भलेपणापायी स्थळ हातचं चाललं होतं. दीपमालानं मान वर केली नाही, पण तिच्या हातातला ट्रे हलला आणि त्यावरचे कप किणकिणले. तो आवाज बाबूंच्या काळजात गेला.

ते उठले. गर्दीतून वाट काढत चौकटीपाशी गेले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी बूटपॉलिश लावलेल्या जागी बोट खुपसलं. अख्खं बोट आत गेलं. मेणाचा गोळा आणि भुसा खाली पडला.

"उधई!" बाबू ओरडले. "उधई लागली माह्या घराले! तिच्यासाठी बाटली पायजे होती! मले काई झालं नाई, माही दाढ दुखून राह्यली! अन हे सागवान नाई. मी तुमाले खोटं सांगतलं भगतसाहेब, चार वर्सं सगळ्या गावाले खोटं सांगतलं!"

 चौकटीतून दोन-चार किडे बाहेर येऊन गर्दी पाहून परत आत गेले.

"आत्ती माय!" हंसाबाई म्हणाल्या. "एवढंच होय? थे त आमाले वास्तूच्या दिवसापासूनच माईत हाय."

बाबूंनी वळून पाहिलं. "काय माईत हाय?"

"का हे लाकूड आंब्याचं हाय म्हून," कोपऱ्यातून अय्याज मिस्त्री म्हणाला. "रंध्याले काय समजत नाई का बाबू? मी रामधनभाऊले बोल्लो, त्यायनं घरी सांगतलं, मंग काय राह्यते?"

"अख्ख्या नेरले माईत होतं?" बाबूंनी विचारलं. कोणी नाही म्हणालं नाही. पोस्टमनही होता, त्यानं मान खाली घातली. "मंग चार वर्सं मान कायले हालवत होते रे सगळे?"

 "तुमी टकटक करून लय खुश होत होते बाबू," रामधन म्हणाले. "तुमची खुशी मोडून आमाले काय भेटनार होतं?"

बाबूंनी जयाबाईंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "दर सहा महिन्याले तुमी शाळेत गेले का मीच पॉलिश मारत होती," त्या म्हणाल्या. "कोन्या पाहुन्याले कळू नये म्हून."

ज्या गावात कोणाच्या घरी कोणती भाजी शिजली हे फोडणीच्या आधी कळतं, त्या गावानं चार वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली होती, आणि तीही फक्त बाबूंपासून. बाबूंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं, आणि दाढ दुखली.

भगत आता उठून चौकटीपाशी आले होते. त्यांनी टकटक केलं नाही, नुसता अंगठा फिरवला. "मी त फाटकातूनच वळखलं होतं," ते म्हणाले. "पोरगी आमाले पसंत हाय. पन माही एक अट हाय."

अट म्हटल्यावर सगळ्या घराचे कान टवकारले. जयाबाईंचा चेहरा उतरला.

"नवी चौकट मी आनून देतो. डेपोतून, पावतीसकट. तुमी ह्या जल्मात लाकूड घेऊ नका."

सगळ्यात आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. अश्वजित नक्की हसला, कारण दीपमालानं त्याच्याकडे त्याच वेळी पहिल्यांदा सरळ पाहिलं.

पाहुणे गेल्यावर, ऊन उतरताना, वाहिदभाई स्वतः बाटली आणि फवारणीचा पंप घेऊन आले. बाबूंनी फुरंगटून विचारलं, "माल संपला होता नं?"  तोंडाला रुमाल बांधून वाहिदभाईंनी चौकटीच्या फटीफटीत औषध मारलं, हात धुतले आणि ओट्यावर बाबूंच्या शेजारी टेकले.

"तीन साल झाले बाबू," ते म्हणाले. "असाच एक जन आलता, एकटा. चेहरा पडेल नव्हता त्याचा, हासून राह्यला होता. लेकराच्या शाळेतली गंमत सांगून राह्यला होता. दुकानात गर्दी होती. म्या बिल फाडलं, बाटली देल्ली." त्यांनी रिकामी बाटली जवळ ओढली. "मी त्याले बस बी नाई म्हनलो."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि बाबूंनी विचारलं नाही. तीन दिवस ज्याचा राग राग केला त्या माणसाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. जाताना वाहिदभाईंनी रिकामी बाटली मोजून बरोबर नेली.

दाढ काढून झाली, साखरपुड्याची तारीख ठरली. शाळा सुटली की मनवरबाबू आता घरी न जाता कृषी केंद्रात जाऊन बसू लागले. एका दुपारी वाहिदभाई नमाजाला गेलेले असताना एक शेतकरी आला. एकटाच होता. तोंडभर हसत त्यानं बोंडअळीची बाटली मागितली आणि म्हणाला, "जल्दी द्या बाबू, माही गाडी सुटन."

बाबूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"दुसरी गाडी हाय," ते म्हणाले. "बस." आणि समोरच्या टपरीकडे हात करून त्यांनी दोन चहा सांगितले.